स्टेनलेसला रंग

“…म्हणजे रंगच हलक्या प्रतीचा होता, असं तुम्ही समितीपुढे म्हणू शकाल ना, सर?”

साठ्ये सर चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“साखर किती?”

“सर, मी काय विचारलं…”

“ऐकलं मी. साखर किती?”

“नको. डॉक्टरांनी बंद केली आहे.”

“बरं झालं. मठात साखर देवाच्या भरवशावर असते. आज देव विसरलाय.”

विद्याधर साठ्ये आयुष्यभर इंजिनीअरिंग कॉलेजात एकच विषय शिकवत आले : धातूंचा गंज. पत्नी गेल्यावर त्यांनी शहरातलं घर बंद केलं आणि खाडीकाठच्या एका लहानशा मठात ते राहायला आले. कुणी बुवा म्हणून पाया पडायला लागलं तर पाय मागे घेत. म्हणत, “आत्म्याचं खातं आत महाराजांकडे आहे. माझ्याकडे फक्त खिडक्यांचे गज.”

समोर सतरंजीवर बसला होता तो निरंजन प्रभुदेसाई. सरांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. खाडीच्या वरच्या अंगाला जो रसायनांचा कारखाना आहे, तिथल्या देखभाल विभागाचा प्रमुख.

गेल्या आठवड्यात त्या कारखान्यात अपघात झाला होता. गरम खाऱ्या पाण्याच्या टाकीखालचा नळ फुटला. खाली रज्जाक मुकादम नावाचा फिटर काम करत होता. चिळकांडी सरळ त्याच्या अंगावर आली. तेव्हापासून तो रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डात होता.

नळाला आतून रंग देण्याचं काम निरंजनच्या हाताखालचा इंजिनीअर संदेश धुळप याच्या देखरेखीखाली झालं होतं. धुळपला दुसऱ्याच दिवशी निलंबित केलं. आज दुपारी चौकशी समिती बसणार होती, आणि तिने साठ्ये सरांचं मत मागितलं होतं.

त्याआधी निरंजन येऊन पोहोचला होता.

“रंग हलका होता,” सर म्हणाले, “असं मी म्हटलं तर काय होईल?”

“तो धुळपनं तपासून घ्यायला हवा होता.”

“आणि रंग चांगला होता, पण लावला वाईट, असं म्हटलं तर?”

“लावताना धुळपच उभा होता.”

“म्हणजे दोन्हीकडून धुळपच.”

“तसं… हो, सर.”

“छान बेत आहे. चहा घे.”

निरंजनने कप उचलला आणि तसाच धरून ठेवला.

“नळ कशाचा होता?”

“साध्या पोलादाचा.”

“टाकी?”

“स्टेनलेसची. नवीन बसवली. मोठी आहे, सर. तुमच्या या मठाएवढी.”

“माझा नाही मठ… जुनी टाकी कशाची होती?”

“साध्या पोलादाची. नळासारखीच.”

“तेव्हा नळ टिकायचा?”

“वर्षानुवर्षं. गंजायचा, पण सावकाश. सगळीकडून सारखा. डोळ्यांना दिसायचं, वेळेवर बदलायचो.”

“नवी टाकी आली, आणि?”

“नळ झपाट्यानं झिजायला लागला.”

“म्हणून तुम्ही नळाला रंग दिलात.”

“हो. उत्तम रंग… म्हणजे, आम्हाला वाटलं तरी उत्तम. एकावर एक हात मारले.”

“तरी फुटला.”

“एकाच ठिकाणी, सर. पाना लागून ओरखडा गेला असणार. टाचणीच्या डोक्याएवढं भोक, तिथून भिंत पोखरत गेली. बाकी सगळा नळ आतून नव्यासारखा आहे. मी स्वतः कापून बघितला.”

“नव्यासारखा…”

“एक डाग नाही.”

सर खिडकीबाहेर बघत राहिले. ओहोटी लागलेली होती. खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर ऊन नव्हतं. दोन दिवस आभाळ असंच होतं.

“आधी टाकी नळाला सगळीकडून चाटायची,” सर म्हणाले. “तू बाकीचा नळ झाकलास आणि तिला सांगितलंस, आता एवढ्याच ठिकाणी खा.”

सर खिडकीपासून वळले.

“हा प्रश्न मी परीक्षेत घालायचो.”

“आठवतं, सर.”

“उत्तर काय?”

“सर, ते आता…”

“उत्तर काय, निरंजन?”

त्याने कप खाली ठेवला. वर्गात उभं केल्यासारखा तो जमिनीकडे बघून बोलू लागला.

“खाऱ्या पाण्यात चांगला धातू शेजारच्या साध्या धातूला खातो. म्हणून रंग चांगल्या धातूला लावायचा. स्टेनलेसला. त्याचा उघडा भाग जितका कमी, तितकी शेजारच्याची झीज कमी.”

“आणि नळाला?”

“द्यायचा तर दोघांना. एकट्या नळाला कधीच नाही.”

“लोकांना हे उलटं वाटतं. जो गंजतो त्याला सोडून, जो गंजत नाही त्याला रंग.”

“हो, सर.”

“तुझं उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं होतं. सगळ्यांसमोर.”

“हो, सर.”

“चुकलं माझं.”

आत महाराजांच्या समाधीपाशी कुणीतरी झाडत होतं. खराट्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“नळाला रंग द्या, हे कुणी ठरवलं?”

“बैठकीत ठरलं.”

“बैठक बोलत नाही. माणसं बोलतात.”

“मी म्हणालो.”

“धुळप काय म्हणाला?”

“त्यानं… विचारलं. म्हणाला, साहेब, नळाऐवजी टाकीला आतून रंग देऊ या का?”

“आणि?”

“व्यवस्थापक बसले होते. बाकीचे विभागप्रमुख होते. इतक्या महागाची टाकी आणलेली. मी म्हणालो…”

“काय म्हणालास?”

“म्हणालो, स्टेनलेसला रंग? उद्या ताजमहालाला चुना लावशील!”

सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“हसले?”

“सगळे हसले. व्यवस्थापक सर्वांत मोठ्यानं. तेव्हापासून त्याला चुनेवाला म्हणतात. कॅन्टीनमधला पोऱ्यासुद्धा.”

“धुळपसुद्धा हसला?”

“हसला. खाली बघून.”

“तुला उत्तर आठवत नव्हतं?”

“इतकी वर्षं झाली, सर. कामाचा रगाडा. ऐनवेळी एखादी गोष्ट…”

“निरंजन, तो बोलला तेव्हा आठवलं?”

निरंजन सतरंजीचा एक निघालेला धागा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

“हसून झाल्यावर आठवलं.”

“मग?”

“सगळे हसले होते, सर. मग कसं मागे घेणार?”

“दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.”

“रंग सुकेपर्यंत वेळ होता.”

“हो.”

“टाकी भरेपर्यंत वेळ होता.”

“होता, सर! होता… रोज होता. मी काय दगड आहे? रोज सकाळी टाकीखालून जाताना वर बघायचो. वाटायचं, रंग चांगला आहे, जाईल निभावून. रंगाला ओरखडा पडला नाही, तर काहीच होत नाही ना, सर?”

“नाही. ओरखडा पडला नाही, तर काहीच होत नाही.”

सरांनी आपला कप विसळला. गार झालेला निरंजनचा कप उचलला, चहा खिडकीतून बाहेर ओतला आणि तोही विसळला.

“धुळपच्या आधी तुझ्याकडे कोण होता?”

“पेठे. बदली मागून गेला.”

“त्याच्या आधी?”

“एक वालावलकर होता. प्यायला लागला. त्याआधीची एक मुलगी, तिनं नोकरीच सोडली. कच्चे निघतात, सर. हल्ली मुलं टिकतच नाहीत.”

“दुसऱ्या विभागांत टिकतात?”

“…तिकडे टिकतात.”

“आणि तुझं?”

“माझं काय?”

“तुझ्यावर कधी काही आलं?”

“नाही, सर.” निरंजनने पहिल्यांदा मान वर केली. “तेवढं सांगू शकतो. एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही.”

सर त्याच्याकडे बघत राहिले. ताप उतरला का ते बघावं, तसं.

“धुळप आता काय सांगणार आहे?”

“काही नाही. परवा त्याला फोन केला. म्हणाला, साहेब सांगतील ते.”

“बैठकीतलं बोलणार नाही?”

“नाही. तो तसा मुलगा नाही. माझ्याबद्दल त्याला…” निरंजन थांबला. “आदर आहे.”

“हं.”

“सर, मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. ओळखीच्या कारखान्यात लावून देईन. तरुण आहे तो, वर्षभरात लोक विसरतील. माझं तसं नाही. मी गेलो, की सगळं संपलं. एवढंच बघा. मुकादम बरा होतोय. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बरे गेलेत. तो घरी आला, की हे सगळं आपोआप…”

त्याचा फोन वाजला.

त्याने नाव बघितलं, उठून दारापाशी गेला. “बोला,” म्हणाला. मग नुसतं ऐकत राहिला. एकदा “कधी?” म्हणाला. एकदा “घरच्यांना कळवलं?” फोन बंद केल्यावरही तो तसाच दाराकडे तोंड करून उभा होता.

“मुकादम गेला.”

सरांनी डोळे मिटले.

आत खराटा पुन्हा सुरू झाला.

“मघाशी गेला,” निरंजन म्हणाला. “जंतुसंसर्ग झाला म्हणे. त्याची बायको तिथेच होती. तिला अजून आत जाऊ दिलेलं नाही. पोलीस समितीच्या खोलीतच येऊन बसणार आहेत. सर, आता नुसत्या नोकरीचा प्रश्न राहिला नाही. ज्याच्यावर येईल, तो आत जाईल.”

“हो.”

“धुळपला मुलगी आहे. बालवाडीत जाते.”

“हो.”

निरंजन वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“सर… रंग हलका होता, एवढं एकच वाक्य…”

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बाजूच्या पडवीत गेले. गजांना लावायचा लाल रंगाचा डबा तिथे उघडा होता. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात भिजलेला ब्रश होता आणि जमिनीवर थेंब पडत होते.

निरंजनला वाटलं, सरांचं कामात लक्ष गेलं. म्हातारपण. तो बाजूला सरला.

सर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. डाव्या हातानं त्यांनी त्याचा खांदा धरला, आणि पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून खिशापर्यंत एक जाड, लाल पट्टा ओढला. सरळ. घाई न करता. गजाला ओढतात तसा.

“सर!”

सरांनी ब्रश खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“सर, हे काय… मला इथून थेट समितीपुढे जायचं आहे!”

निरंजनने खिशातून रुमाल काढला. तो छातीपर्यंत नेला, आणि तिथेच त्याचा हात थांबला. रंग कापडात मुरत होता, एक ओघळ बटणापर्यंत आला होता. तो त्या ओघळाकडे बघत राहिला.

“लोक विचारतील,” तो अगदी हळू म्हणाला. “व्यवस्थापक, पोलीस… सगळे विचारतील, हे काय लागलंय.”

“विचारतील.”

“काय सांगू?”

सरांनी त्याच्या हातातला रुमाल काढून घेतला. घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मग दार पूर्ण उघडून ते बाजूला झाले.

“ओला आहे तोवर धुळपच्या घरी जा. त्याला विचारावं लागणार नाही.”