उकळलेल्या पाण्याचं पोस्टर

विज्ञान परिषदेत परीक्षक डॉ. राजाध्यक्ष पोस्टरं बघत पुढे सरकू लागले, की भल्याभल्या संशोधकांचे हात गार पडायचे. तनुजा गावितच्या पोस्टरपुढे तर ते भडकलेच. ठळक अक्षरांत एक वाक्य, खाली एक आलेख, बाकी सगळं कोरं!

"ही काय जाहिरात आहे? शेजारचं पोस्टर बघा, इंचभर जागा सोडलेली नाही. याला म्हणतात अभ्यास! तुमचं उतरवा."

गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासण्यात तनुजाची उमेदीची वर्षं गेली होती.

"उतरवते, सर. फक्त एकदा पोस्टरांकडे पाठ करून सांगाल, माझ्या पोस्टरवर काय लिहिलंय?"

ते तडकून वळले. "काय असणार? पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं!"

"आणि शेजारच्यावर?"

डॉक्टरांना त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"सर, अभ्यासातला हवा तो आकडा विचारा, मी सांगते. पोस्टरवर मात्र तेवढंच ठेवलंय, जे पाठ फिरल्यावरही लक्षात राहील."

राजाध्यक्ष सावकाश वळले. त्यांनी चष्मा नीट केला.

"राहू दे पोस्टर. आलेखापासून सांगा."