पागेची चंदी

घोडी माणसांसारखी तावातावाने भांडत, त्या काळची ही गोष्ट. एका राजाने दवंडी पिटवली, "पागेतल्या घोड्यांची दाण्याची चंदी तीन वर्षं वाढणार नाही हो!"

बाजारातली भाड्याची तट्टं आनंदाने खिंकाळू लागली. त्यांतली भिंगरी नावाची घोडी तर शेपूट उडवत थेट पागेच्या दाराशी धावली.

"काय अबलखदादा, आता कळलं का? आमच्याकडे ज्या दिवशी भाडं नाही, त्या दिवशी दाण्याचा तोबराही नाही! गेल्या महिन्यात मालकाने आमच्यातल्या दोघांना तर हाकलूनच दिलं!"

"खरंय बाई, तुमचे हाल मोठे," पागेतला अबलख घोडा म्हणाला. "पण माझी चंदी गोठली म्हणून तुझा तोबरा भरेल का?"

"भरो न भरो, तुमची जिरली ना!" असं म्हणत भिंगरी नाचत नाचत परतली.

मालक तोबरा घेऊन उभाच होता. तिने अधाशासारखं तोंड घातलं, तर आत दाणे रोजच्या निम्मेच.

"बघतेस काय अशी?" मालक हसला. "खुद्द राजाने हात आखडता घेतलाय. मग तू कोण लागून गेलीस?"