रुखवतातल्या मोटारसायकली

लग्नाला नऊ दिवस झाले होते. माझ्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, काचेच्या कपाटात जुन्या मोटारसायकलींच्या बोटभर प्रतिकृती होत्या, दहा वर्षं एकेक करून जमवलेल्या. थोरले चुलतसासरे आबाकाका आले आणि कपाटापुढे थबकले. त्यांच्यापुढे घरात कुणी बोलत नसे.

“श्रीरंगा, लग्न झालं, आता खेळणी पुरे! इथे सूनबाईंचं रुखवत शोभेल.”

श्रीरंग मुकाट्याने एकेक गाडी वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तान्ही मुलं निजवावीत इतक्या हळू.

मी विचारलं, “आबाकाका, रुखवत मांडायचा मान कुणाचा?”

“तुझाच. पुरुषांनी त्यात पडूच नये.”

“मग मांडते.” मी माहेरचं पुठ्ठ्याचं घर ठेवलं, अंगणात सुपारीचे नवरानवरी उभे केले आणि सगळ्या गाड्या कागदातून सोडवून दारात ओळीने लावल्या. “घर माहेरचं, गाड्या सासरच्या. झालं माझं रुखवत.”

आबाकाकांनी वाकून गाड्यांची ओळ न्याहाळली. “पुरुषांनी पडू नये, असं मीच म्हणालो ना?”

“हो, आत्ताच.”

ते मिशीतल्या मिशीत हसले आणि चहाला बसले.

श्रीरंगने हळूच सुपारीची नवरी उचलून एका गाडीच्या साइडकारमध्ये बसवली. रुखवताला पुरुषाचा हात लागला खरा, पण मी काही बोलले नाही.