उताणं पडलेलं कौल

फार मागं, कौलंही माणसांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. धाकू गुरवाच्या घरात ऐन चुलीवर पाणी ठिबकायचं. दरवेळी तो चुलीच्या बरोबर वरचं कौल बदली, पण पुढच्या मोठ्या सरीला चूल पुन्हा विझे.

"कौलंच हलकी!" म्हणत त्यानं चौथं कौल अंगणात टाकलं. आधीची तीन फोडून त्यानं वाटेतल्या खड्ड्यात भर घातली होती. दुसऱ्या दिवशी हे फोडायला गेला, तर कोंबडी आडवी आली.

"नको मालक! कालपासून माझी पिल्लं यात साचलेलं पाणी पितात. फार उपकार आहेत याचे."

"कालपासून? मग हे गळत नाही?"

"विचारलंत कुठं?" कौल म्हणालं. "पाणी आढ्याशी शिरतं आणि वाशावरून ओघळत चुलीपर्यंत येतं."

धाकू वाशावरची ओली रेघ बघत वर चढला. आढ्याजवळचं कौल तडकलेलं होतं. तिथं त्यानं हेच कौल पुसून बसवलं आणि हात जोडले.

चूल कोरडी राहिली. पिल्लांपुढं त्यानं स्वतःची पितळी भरून ठेवली. वाटेतल्या त्या भरावावर मात्र तो पुन्हा कधी पाय देईना.