कच्चा लिंबू आणि खेळाची पेटी

शेवट ओळखा, माझ्या मिशा कापून देतो! नाही ओळखणार तुम्ही.

लई मागं एका सुतारपक्ष्यानं खेळाची पेटी काढली. लाकडाची चकती आत घालायची, दांडा धरायचा, की पेटीत हरणं पळायची. पेटी जवळजवळ फुकट, कमाई सगळी चकत्या विकण्यावर. तेवढ्यात पलीकडं मुंगसानंही तसलीच पेटी काढली. झालं! सुतारपक्ष्याची झोप उडाली. गिऱ्हाईक तिकडं गेलं, तर दुकान बसलंच.

एकदा दुकानात खेळणाऱ्या पोरांच्यात खारीचं धाकटं दांडा धरून बसलं.

"ह्याची चकती कुठाय रे?" सुतारपक्ष्यानं चोच रोखली.

"काका, तो कच्चा लिंबू आहे. खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाय," पोरं म्हणाली.

"कच्चा? चांगला पिकलेला चोर आहे! मुंगसानंच धाडलाय."

"त्याला अजून शेंग फोडता येत नाय, काका!"

"तेच तर! सोंग बघा कसं घेतलंय."

लगेच त्यानं पेटीला कुलूप बसवलं. ज्याची स्वतःची चकती नाही तो दांड्याला शिवला, की झाकण खाड्कन बंद.

आता मला सांगा, धाकट्याला सोबत नेल्याबिगर कुणाची आई खेळायला सोडते? सगळी पोरं उठली अन् गेली मुंगसाकडं. तिथं कच्च्या लिंबाला वेगळा दांडाच होता.

दुकान बसलं. सुतारपक्षी आता मुंगसाच्याच पेट्यांना भोकं पाडायच्या कामाला जातो. अन् रोज घरी निघताना मुंगूस त्याला दारात थांबवतो, पंख वर करायला लावतो अन् चकती लपवलीय का, ते एकेक पीस झाडून बघतो.