ठकूनं सांबराला हाक मारली

फार फार मागची गोष्ट. करवंदघोळ गावाला तेव्हा वाट फुटली नव्हती आणि सांबरं परसापर्यंत यायची. त्या गावात ठकू नावाची एक विधवा राहायची. आवाज असा, की तिनं अंगणात कोंबडी हाकलली तर पलीकडच्या डोंगरावरचा ढग सरकायचा, असं म्हणतात. सरकत असणारच. एकट्या बाईला घर चालवायचं तर तेवढा आवाज लागतोच.

ठकूची लेक राही पोटुशी होती, म्हणून माहेरी आलेली. जावयानं तिला आणून सोडलं, पोटभर भाकऱ्या चापल्या, कालवण अळणी म्हणाला आणि हात धुऊन चालता झाला. इकडे राहीला डोहाळे लागले सांबराच्या मटणाचे. दुसरं काही पोटात ठरेना. पोरगी दिवसागणिक वाळत चालली.

ठकू गेली धाकोजीकडे. धाकोजी म्हणजे गावच्या पारधीचा, शिकारीचा म्होरक्या.

"शिमग्याला पारध निघंल, तवा वाटा देऊ की तुला," तो म्हणाला.

"शिमग्यापतोर माझी लेक ऱ्हाईल व्हय?"

"मग तूच जा! पर तोंड उघडू नगंस. तुझा आवाज ऐकला की सांबर घाट उतरून थेट दर्यात उडी घेतंय."

ओट्यावरचे सगळे पुरुष हसले.

"जाते," ठकू म्हणाली. "तुमी दात झाका. थंडी लागंल त्यास्नी."

नवऱ्याचा तिरकमठा आढ्याला होता, तो तिनं काढला. पहिला बाण तिच्याच उकिरड्यात घुसला. मग ती कुडावरच्या भोपळ्यांवर नेम धरायला लागली. तिचा नेम बसेपर्यंत सगळी आळी भोपळाच खात होती, असं म्हणतात. मग ती चिमूटभर माती उडवून वारा बघायला शिकली. वाळक्या पाल्यावर पाय कसा ठेवायचा ते शिकली. राहिलं फक्त तोंड. त्यात तिनं पदराचा बोळा कोंबला आणि निघाली.

आता त्या रानाचा एक नियम होता. रानात सांबराला सांबर म्हणायचं नाही. 'पाव्हणा' म्हणायचं. नाव घेतलं की त्याला कळतं आणि ते पळतं.

पाणवठ्यावर मोठं शिंगाळ सांबर आलं. ठकूनं बाण लावला, दोरी करकरली आणि सांबर उधळलं. ठकू ताडकन उठली. तोंडातला बोळा पडला आणि ती ओरडली, "ओ पाव्हणं! न जेवता कुटं चाललासा?"

सांबर थांबलं.

पुरुषांनी जन्मभर त्याला पाव्हणा म्हटलं, पण पाव्हण्याला मारायची हाक एकानंही मारली नव्हती. जेवायला बोलावल्यावर पाव्हण्याला पाठ कशी फिरवता येईल? ते वळलं, कान टवकारून उभं राहिलं.

ठकूनं दोरी ओढली आणि तिचा हात थिजला. पाव्हणं म्हणून थांबवलं, आता त्याच्यावर बाण कसा सोडायचा? तिनं तिरकमठा खाली केला. सांबरानं जरा वेळ वाट पाहिली, पान काही कुणी वाढेना, तेव्हा ते निघून गेलं, असं म्हणतात.

गाव तर टपलेलंच; ठकूची हाक साऱ्यांनी ऐकलेली. "काय ठकू, पाव्हणं जेवलं का पोटभर?" धाकोजीनं विचारलं. ठकू तडक घराकडं गेली. घरात राहीला मान उचलवत नव्हती.

ठकू चुलीपुढं बसली. पाव्हण्यावर हात उचलवत नाही. मग उचलवतो तरी कुणावर? आणि ती अशी हसली, की उतरंडीची मडकी खडखडली.

दुसऱ्या दिवशी तोच पाणवठा, तेच सांबर. ते उधळलं तशी तिनं हाक घातली, "ओ जावई! न जेवता कुटं?"

सांबर नुसतं थांबलं नाही, चार पावलं मागं आलं. छाती काढून, मान ताठ करून, पाट मांडायची वाट बघत उभं राहिलं. ठकूनं तो तोरा बघितला आणि तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच तोंड आलं.

"कालवण अळणी काय रं, मुडद्या!"

बाण सुटला. आरपार जाऊन मागच्या ऐनाच्या खोडात घुसला आणि तिथून ऐनाला नवी फांदी फुटली, असं म्हणतात. ठकूनं सांबराच्या तोंडात पाणी घातलं, हात जोडले आणि ते एकटीनं खांद्यावर घालून आणलं. राही रस्सा प्यायली, उठून बसली आणि आणखी मागितला. पुढं तिला ठणठणीत पोरगी झाली. आणि पारधीचं म्होरकेपण ठकूकडं आलं. तिरकमठा उचलून मागनं कोण चालायचं? धाकोजी! पण गाभण मादीवर ठकूनं कधी बाण उचलला नाही.

आता शिकारीला बंदी आहे, आणि ती असावीच. पण शिमग्याला करवंदघोळात सगळे जावई पाणवठ्याच्या माळावर सोडतात. बायका झुडपाआड दबून बसतात. एखादी पोटुशी उठून हाक मारते, "ओ जावई! न जेवता कुटं?" की जावयानं असेल तसं थिजायचं, एक पाय उचललेला असला तरी. मग शेणाचे गोळे सुटतात. सगळे हसून हसून बेजार झाले की जावयांना कढत पाण्यानं न्हाऊ घालतात. पहिलं पान पोटुशीला वाढतात, जावई मागनं.

ज्या बाईचा गोळा सगळ्यांत नेमका बसतो, तिला वर्षभर ठकूच म्हणतात. ती पाणंदीनं आली की पिकल्या मिशांचे बापयेसुद्धा बांधावर चढून तिला वाट देतात. देतीलच. तीही कुणाची तरी सासू आहे, आणि हेही कुणाचे तरी जावई आहेत.