काळ्या मुळीचे रान

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी राज्यात खेमाजी नावाचा गडाचा नाईक होता. तरुणपणी तो रोज गड चढायचा, उतरायचा. नाईक झाल्यावर मात्र त्याचे पाय सदरेवरून हलेनात. दारू, चिलीम, तुपात थबथबलेले जेवण आणि पहाटेपर्यंत सोंगट्यांचा डाव, असे दिवस जाऊ लागले.

पाच-सहा वर्षांत त्याचे पोट सुटले. चार पायऱ्यांत दम लागू लागला. मग बायकोजवळ जावे, तर शरीर साथच देईना. खेमाजी लाजेने वेगळा झोपू लागला. त्याची बायको येसू काही विचारायला गेली, की तिच्यावरच खेकसायचा.

कुणीतरी कानात सांगितले, "उंबराच्या रानात एक म्हातारा काळी मुळी देतो. एका दिवसात पुरुषपण परत येतं."

भर दुपारी खेमाजी रानात शिरला. एकही पाखरू बोलत नव्हते. वारा अंगाला लागत होता, पण पाने हलत नव्हती. उंबराखाली म्हातारा होता. त्याच्याभोवती पंधरा-वीस पुरुष ताठ बसले होते. त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. एकाच्या उघड्या डोळ्यावरून मुंगी चालत गेली.

तो दौलत होता, खेमाजीचा जुना सोबती. गावाला वाटत होते, तो परमुलखात गेला.

"दौलत, अरे, इथे काय करतोस?"

दौलतचा आवाज जमिनीखालून यावा तसा आला. "पहिल्या दिवशी बरं वाटलं. मग रोज लागली. आता उठताच येत नाही."

म्हाताऱ्याने मुळी पुढे केली. "घे. कुणाला कळणार नाही."

खेमाजी धावत सुटला. छाती फुटेलसे वाटले, तरी थांबला नाही. घरी येऊन त्याने येसूला आपले दुखणे सांगितले.

ती त्याच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मीच तुम्हाला नकोशी झाले. चला, वैद्यबुवांकडे जाऊ. दोघंही."

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "दारू, चिलीम सोडा. साधं जेवा, वेळेवर झोपा, रोज गड चढा. अंगात रक्त नीट फिरू लागलं, की बाकीचंही सुधारेल. घाई मात्र नको."

पहिला महिना फार कठीण गेला. संध्याकाळ झाली, की खेमाजीचा हात दारूच्या घड्याकडे जायचा. दोनदा त्याने रानाची वाट धरली आणि दोनदा माघारी आला. येसू त्याच्याबरोबर गड चढत राहिली. सहा महिन्यांनी त्याचे शरीर हलके झाले, आणि ती दोघे पुन्हा नवरा-बायकोसारखी राहू लागली.

तेव्हा कुठे त्याला धीर आला. सदरेवर सर्वांसमोर त्याने सारे सांगितले आणि माणसे घेऊन दौलतला आणायला गेला.

उंबराखाली कुणी नव्हते. जमिनीतून मात्र माणसाच्या बोटांसारख्या काळ्या मुळ्या वर आल्या होत्या. ताज्या होत्या. दौलत आणि ते पुरुष जिथे जिथे बसले होते, नेमक्या तिथे तिथे.

पौरुष रोजच्या चांगल्या राहणीने टिकते. ते गेले म्हणून लाजेने लपणारा मात्र स्वतःलाही गमावतो.